नेब्रास्का कॉर्नहस्कर्स महिला व्हॉलीबॉल संघ

नेब्रास्का कॉर्नहस्कर्स महिला व्हॉलीबॉल संघ हा अमेरिकेतील लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठाचा संघ आहे.

इतिहास

शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, हा संघ स्थापन झाला. टेरी पेटिट यांच्या प्रशिक्षणाखाली (१९७७–१९९९) संघाने १९९५ मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांचे उत्तराधिकारी जॉन कुक यांच्या कारकिर्दीत २०००, २००६, २०१५ व २०१७ या वर्षी आणखी चार विजेतेपदांची भर पडली. २००० च्या हंगामात संघाने खेळलेले सर्व ३४ सामने जिंकले.

प्रेक्षकसंख्या

३० ऑगस्ट २०२३ रोजी विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर, मेमोरियल स्टेडियममध्ये, ओमाहा संघाविरुद्धच्या सामन्यास ९२,००३ प्रेक्षक उपस्थित होते. बार्सिलोना येथे २०२२ मध्ये झालेल्या महिला फुटबॉल सामन्याची ९१,६४८ ही प्रेक्षकसंख्या त्यामुळे मागे पडली. नेब्रास्काने तो सामना ३–० असा जिंकला.