जीभ, वीज आणि सुई

मंडळी, माझ्या दंडावर ही चकती दिसते ना? दर काही मिनिटांनी ती साखरेचा आकडा मोबाइलला कळवते. हिचा पूर्वज कोण? तर डॉक्टरांची जीभ! १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसन यांनी मधुमेही रुग्णाची लघवी आटवली, तर तळाशी साखर उरली. त्याच्या रक्तातला द्रवही गोड लागला. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नव्हती, ती रक्तातच होती.

१९६२मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवण्याची कल्पना मांडली. साखरेवर काम करताना ते ऑक्सिजन वापरतं. तो किती घटला, हे इलेक्ट्रोड सांगतो. चव घेण्याचं काम विजेकडे गेलं. १९९८मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म सुया औषध आत सोडण्यासाठी त्वचेत टोचून दाखवल्या. पुढे तसल्याच सुयांनी उलट, शरीरातल्या द्रवाची खबर बाहेर आणायचे प्रयोग सुरू झाले.

पण एक नीट ऐका. ही चकती रक्त मोजतच नाही. पेशींच्या मधला द्रव मोजते, आणि तो रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो. परवा माझे हात थरथरले, घाम फुटला. पडद्यावर मात्र सगळं ठीक. बोट टोचलं, तर साखर ५८! लगेच साखरेचं पाणी घेतलं.

आपले नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करायचे. आकडा हा धूर आहे, बरं का. धूर उशिरा दिसला, म्हणून आग नव्हती असं होत नाही.