मद्यासक्ती व रक्तपरीक्षा
जुन्नर, आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील तालुके मुंबई प्रांतात असताना तेथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाला. औषधातून मद्यार्क पोटात गेल्याचा बचाव आरोपी करीत. म्हणून १९५९ च्या दुरुस्तीने रक्तातील ०·०५ टक्के मद्यार्काची मर्यादा ठरवून तो बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. हा निकष न्यायालयाच्या सोयीचा. वैद्याला त्याचा उपयोग थोडा, कारण एका रात्रीची नशा व वर्षानुवर्षांचे व्यसन यांतील भेद त्यातून कळत नाही. त्यासाठी पुढे जीजीटी हे एंझाइम, तांबड्या कोशिकांचे वाढलेले आकारमान इ. खुणा उपयोगात आल्या. व्यसनाच्या जोडीची विषण्णता मात्र यांपैकी कोणतीही खूण दाखवीत नाही. ती मूळची की मद्यजन्य, हे मद्य सुटल्यावर काही आठवडे रुग्णाचे निरीक्षण करूनच ठरवितात.