नागपूरमधील रस्त्यांवरील हवा व ध्वनी मापन

नागपूर शहरातील वर्दळीच्या रस्त्यांच्या परिसरातील हवेचे प्रदूषण आणि रहदारीचा आवाज यांचे मापन मुख्यत्वे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ व राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) यांच्यामार्फत केले जाते. हवेची मोजणी वर्षभर सुरू असते. ध्वनीची मोजणी मात्र बहुतांशी सर्वेक्षणे आणि सणांच्या काळापुरती होते.

पार्श्वभूमी

नीरीची स्थापना १९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने झाली. १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. देशात वायुप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ मध्ये झाला. १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीचाही वायुप्रदूषकांत समावेश करण्यात आला. २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम लागू झाले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नागपूरचा समावेश आहे.

हवेचे मापन

सिव्हिल लाइन्स, अंबाझरी, महाल आणि रामनगर येथे मंडळाची स्वयंचलित केंद्रे आहेत. मानवचलित केंद्रांवर धूळ गाळणकागदावर जमा करतात आणि कागदाच्या वजनातील फरकावरून तिचे प्रमाण काढतात. अशी मोजणी साधारणतः आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २४ तास केली जाते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीची मर्यादा पीएम १० साठी १०० आणि पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर चढत नसल्याने धूर व धूळ खालीच साचून राहतात.

ध्वनीचे मापन

ध्वनिमापकावरील नोंद मानवी कानाच्या संवेदनक्षमतेनुसार भारित डेसिबेलमध्ये घेतात. डेसिबेलची श्रेणी लघुगणकीय आहे. त्यामुळे ३ डेसिबेलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा सुमारे दुप्पट होणे होय. सकाळी ६ ते रात्री १० हा काळ दिवस मानला जातो.

क्षेत्रनिहाय मर्यादा (दिवस/रात्र, डेसिबेल):
* औद्योगिक – ७५/७०
* व्यापारी – ६५/५५
* निवासी – ५५/४५
* शांतता क्षेत्र – ५०/४०

रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. नागपुरातील रहदारीवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हॉर्नमुळे रस्त्यावरील आवाजात २ ते ५ डेसिबेलची भर पडते. याचा अर्थ, वाहनांची संख्या तेवढीच राहिली तरी केवळ हॉर्न कमी वाजवल्याने लक्षणीय फरक पडू शकतो.

मर्यादा

२०११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ध्वनिमापन जाळ्यातील सात शहरांत महाराष्ट्रातून केवळ मुंबई होती, नागपूर नव्हते. नंतर नीरीने मंडळासाठी राज्यातील २७ महानगरपालिका क्षेत्रांचे ध्वनिनकाशे तयार केले. तथापि, नकाशा विशिष्ट काळातील स्थिती दर्शवतो. रोजचा चढउतार त्यातून कळत नाही.

हवेच्या मापनातही स्थानाचा प्रश्न उरतो. केंद्रावरील आकडा त्या परिसराची सरासरी स्थिती सांगतो. सिग्नलवर थांबलेला दुचाकीस्वार, रस्त्याकडेचा विक्रेता वा वाहतूक पोलीस यांच्या श्वासात जाणारी हवा त्याहून अधिक दूषित असू शकते. म्हणून केंद्रांच्या नोंदींना प्रत्यक्ष रस्त्याकडेच्या, गर्दीच्या वेळी घेतलेल्या हवा व ध्वनीच्या एकत्रित नोंदींची जोड आवश्यक ठरते.