चाकवत आणि किनोआ : नामभेद व उपयोगभेद

चाळीसगावच्या शिवारात रब्बीच्या गव्हात आपोआप उगवणारा चाकवत आणि अँडीज पर्वतातील किनोआ ही चिनोपोडियम या एकाच प्रजातीतील झाडे होत. किनोआ हा शब्द मूळ केचुआ भाषेतील. इंका मातेचा पुत्र गार्सिलासो याने १६०९ मध्ये नोंदविले की, स्पॅनिश लोक त्यास ‘लहान तांदूळ’ म्हणत. वस्तुतः हे तृणधान्य नव्हे. तथापि नावाने ते धान्यांत बसले. चाकवताच्या वाट्यास संस्कृत निघंटूंत ‘शाकराट्’ ही पदवी आली. राजपद खरे, पण भाजीचे! हिमालयाच्या काही भागांत त्याचे बी धान्य म्हणून खातात. खानदेशात मात्र बी धरण्यापूर्वीच तो खुडला किंवा निंदला जातो. त्याचे हिंदी नाव ‘बथुआ’ हे ‘वास्तूक’पासून आले, त्यात घराशेजारच्या जागेचा निर्देश आहे, पानाचा नाही.