पाद्रीबाबांची चोरी

पलटणीचा धर्मगुरू म्हटला की संचलनाच्या दिवशी आशीर्वाद देऊन मग मेजवानीच्या पंगतीला बसणारा कुणी सुखवस्तू गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे येतो. आपल्याही सैन्यात पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री असतात. त्यांचे खरे काम कोणते, हा प्रश्न मला एमिल कपॉन ह्या अमेरिकन कॅथलिक पाद्र्याची हकीकत वाचली तेव्हा प्रथम पडला.

कपॉन कॅन्सासमधल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. जन्म १९१६ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते फौजेबरोबर ब्रह्मदेशात व आपल्या हिंदुस्थानातही होते. १९५० साली कोरियात युद्ध पेटले आणि ते पुन्हा पलटणीबरोबर निघाले. धर्मगुरूने शस्त्र धरायचे नाही, हा दंडक. जीपच्या बॉनेटवर वस्त्र अंथरले की झाली वेदी, तिथेच मिस्सा.

त्या नोव्हेंबरच्या आरंभी उन्सान येथे चिनी फौजांनी पलटणीला वेढले. निसटण्याची संधी असूनही कपॉन जखमींपाशी थांबले आणि कैद झाले. घोटा मोडून पडलेल्या सार्जंट हर्बर्ट मिलरवर एक शत्रुसैनिक बंदूक रोखून उभा होता. कपॉननी निमूटपणे पुढे होऊन ती नळी बाजूला सारली, मिलरला उचलले आणि ते चालू लागले. तो सैनिक नुसता बघत राहिला!

यालू नदीकाठी प्योकतोंगच्या छावणीत त्या हिवाळ्यात माणसे भुकेने नि थंडीने मरू लागली. उपदेशाने का पोट भरते? पाद्रीबाबा पहारेकऱ्यांची नजर चुकवून बाहेर पडत आणि तांदूळ, बटाटे चोरून आणीत. त्यासाठी ते करुणा भाकीत संत दिस्मासची; म्हणजे येशूच्या शेजारी क्रुसावर चढलेल्या, पश्चात्ताप पावलेल्या चोराची! लोणीचोराच्या लीला ऐकत वाढलेल्या आपल्याला ह्यात नवल वाटणार नाही. परंतु 'चोरी करू नको' ही आज्ञा लोकांना शिकवीत आलेल्या माणसाला पहिल्या रात्री काय वाटले असेल? वर्गात मीही तेच शिकवतो. म्हणून ही गोष्ट मला फार दिवस छळत राहिली.

मनगटावरचे घड्याळ देऊन त्यांनी एक घोंगडी मिळवली, आणि ती कापून इतरांसाठी पायमोजे केले. हगवणीने खंगलेल्यांचे कपडे स्वतः धुतले. पत्रा ठोकून भांडे केले, त्यात पाणी उकळून आजाऱ्यांना पाजले. १९५१ च्या ईस्टरला पहाटे त्यांनी उघड प्रार्थना चालवली; निरनिराळ्या पंथांचे कैदी तिला जमले. त्यानंतर दोन महिन्यांतच, २३ मे रोजी, छावणीच्या नावापुरत्या इस्पितळात ते वारले.

१९५३ साली सुटलेले कैदी बाहेर आले ते लाकडात कोरलेला एक क्रूस घेऊन. तो कोरणारा जेराल्ड फिंक हा वैमानिक यहुदी होता, आणि कपॉनना त्याने कधी पाहिलेही नव्हते. बराकीत त्यांच्या गोष्टी तेवढ्या ऐकल्या होत्या.

२०१३ साली अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक कपॉनना मरणोत्तर देण्यात आले. त्या समारंभाला म्हातारा मिलर हजर होता. अस्थी मात्र हवाई बेटावर अनामिक सैनिकांच्या कबरीत होत्या. त्यांची ओळख पटली २०२१ मध्ये. मग त्या विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये आणल्या गेल्या.