चुकांची वही

परभणी जिल्ह्यातील वालूरच्या बारवेत चक्राकार पायऱ्या खाली उतरत जातात. पाणी कितव्या पायरीवर आहे हे रोज टिपले, तर ते किती वेगाने आटते हे कळेल. एका दिवसाच्या पाहणीतून ते कळणार नाही.

संगणकाच्या आज्ञावलींचेही असेच आहे. आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ साली एक पद्धत मांडली. आज्ञावली चालवून पाहण्याआधीच सहकाऱ्यांनी ती वाचायची आणि सापडलेल्या चुका प्रकारवार नोंदवायच्या. चुका कोणत्या टप्प्यावर शिरतात हे त्यावरून दिसू लागले. चूक जितकी उशिरा सापडते, तितकी तिची दुरुस्ती सहसा महाग पडते.

१९९५ साली वॉट्स हम्फ्री यांनी पुढचे पाऊल टाकले. प्रत्येकाने आपला वेळ, कामाचा आकार आणि चुका स्वतःच टिपाव्यात. मात्र या नोंदी ज्याच्या त्याच्याच. वरिष्ठांनी त्यावरून कोणाला जोखू नये, असा त्यांचा आग्रह होता. कारण उघड आहे. चुकांबद्दल शिक्षा होऊ लागली, की चुकांआधी नोंदी कमी होतात.

आम्हीही आमच्या आज्ञावलींसाठी अशी वही ठेवतो. वर्गातही ती ठेवता येईल. फक्त तिच्यावर गुण देऊ नयेत.