घाटावरची मोटार, कोंकणांतलें घर

निगडीस राहणारे आमचे एक स्नेही गेल्या उन्हाळ्यांत आमच्याकडे एक प्रश्न घेऊन आले. दिवेआगरास त्यांचें वडिलोपार्जित घर आहे. पुढें अंगण, मागें नारळी-पोफळीची वाडी, आणि सुरूच्या बनांतून पलीकडे गेलें कीं समुद्र. वर्षांतून पांच-सहा वेळां सर्व कुटुंब तेथें जातें. आजवर हें जाणें मुलाच्या नव्या मोटारींतून होई. परंतु ओले कपडे, वाळूचे पाय आणि सुक्या मासळीची टोपली यांवरून दर खेपेस बापलेकांत खटके उडूं लागले. तेव्हां खास कोंकणच्या घरासाठीं म्हणून स्वस्तांत मिळणारी, जुनी, पण जींत बसल्यानें चित्त प्रसन्न होईल अशी एखादी मोटार आम्हीं सुचवावी, अशी त्यांची इच्छा होती. "भाऊसाहेब, पस्तीस वर्षें मीं मोटारींच्या पत्र्यांचे डाय घडविले," ते म्हणाले, "पण मोटार निवडावी कशी, हें मला कळत नाहीं." बरोबर आलेल्या वहिनींनीं पुस्ती जोडली, "हवी ती निवडा. मात्र आंत बसण्यापूर्वीं पाय धुवायला लावूं नका म्हणजे झालें."

प्रश्न वरकरणीं घरगुती होता. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा जो मुलूख आपण नवेपणाचें माहेर समजतों, तो मोटारींच्या बाबतींत पुष्कळसा जुन्याच्या जोरावर उभा राहिलेला आहे. दुसऱ्यानें वापरून सोडलेली वस्तु पारखून घ्यावी, ती आपल्या रस्त्यांस व आपल्या पैशास जुळवून घ्यावी, आणि मूळ मालकानेंहि कल्पिलें नसेल इतके दिवस ती चालवावी, हीच येथील रीत होती. आमचे स्नेही जें करूं पाहत होते, तेंच त्यांच्या भोंवतालच्या कारखान्यांनीं त्यांच्याआधीं करून ठेविलें होतें.

१९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना पिंपरीस आला आणि माळरानाचें रूप पालटूं लागलें. मोटारींची हकीकत त्यानंतरची. नवलमल फिरोदिया हे नगरकडचे, स्वातंत्र्याच्या चळवळींत पडलेले गृहस्थ. हँबुर्ग येथील विडाल आणि पुत्र या कंपनीच्या सहकार्यानें त्यांनीं १९५८ सालीं बजाज टेम्पो ही कंपनी काढली; प्रथम मुंबईस गोरेगांवीं, व पुढें आकुर्डीस. जी तीनचाकी मालगाडी त्यांनीं आणली, तिचे जर्मनींतले दिवस तेव्हां सरले होते. लढाईनंतरच्या गरिबींतून ते लोक वर आले होते व त्यांस चार चाकें परवडूं लागलीं होतीं. तिकडे ओवाळून टाकलेली ही गाडी आपल्याकडे बाजारपेठांच्या बोळांतून कित्येक दशकें भाजी, सिमेंट आणि लग्नाचीं भांडीं वाहत राहिली. तिच्या कंपनीचें 'टेम्पो' हें नांव मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. आज कोणत्याहि कंपनीची लहान मालगाडी दारांत उभी राहिली तरी आपण "टेम्पो आला" असेंच म्हणतों. हँबुर्गांत त्या शब्दाची आठवण आतां किती जणांस असेल, कोण जाणे! १९६९ पासून निघालेल्या मॅटॅडोरचीहि हीच कथा. जर्मनींत ती विस्मृतींत गेली, आणि आपल्याकडे शाळेचीं मुलें व वऱ्हाडी मंडळी घेऊन शतकाच्या अखेरीस येईपर्यंत धांवली.

टेल्कोची गोष्ट निराळ्या वळणाची आहे. सुमंत मुळगांवकर यांच्या देखरेखीखालीं १९६६ सालीं पिंपरीस जो कारखाना उभा राहिला, त्यानें आरंभीं मोटार केलीच नाहीं. मोटारी करण्याचीं यंत्रें, हत्यारें व डाय आधीं करावयाचे, माणसें शिकवावयाचीं, आणि मग गाडीकडे वळावयाचें, असा हा क्रम होता. पुण्याची पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ सालीं! अकरा वर्षें हा धीर धरणें सोपें नव्हे. तेवढ्या काळांत मुळगांवकरांनीं त्या उजाड जमिनींत झाडें लावविलीं, तळें करविलें. पुढें १९९४ सालीं आलेल्या सुमो गाडीचें नांव त्यांच्याच नांवाच्या व आडनांवाच्या आद्याक्षरांवरून घेतलेलें आहे, हें ती गाडी हाकणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसतें. जपानी मल्लावरून तें आलें असावें, अशीच बहुतेकांची समजूत असते.

त्याच पिंपरींतून १९९१ सालीं सिएरा निघाली. आमच्या स्नेह्यांचा जीव गुंतला होता तो हिच्यांत. मालवाहू टाटामोबिलच्या सांगाड्यावर बेतलेली, तीन दारांची, मागच्या कांचा वळून छपरापर्यंत गेलेल्या, अशी ही मोटार तेव्हां रस्त्यानें गेली कीं माणसें थांबून पाहत. स्पॅनिश भाषेंत सिएरा म्हणजे डोंगरांची रांग. सह्याद्रीच्या पायथ्याशीं न्यावयास याहून शोभेसें नांव मिळणार नाहीं, हें आम्हांसहि मान्य होतें. परंतु त्या सुंदर मागच्या कांचा उघडत नाहींत! मे महिन्याच्या दुपारीं दिवेआगरास कांचेच्या खोलींत बसावयाचें, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या वातानुकूल यंत्रावर भरंवसा ठेवावयाचा, यांत चित्ताची प्रसन्नता कितीशी उरेल? शिवाय सिएरा आतां स्वस्त राहिलेली नाहीं. ती संग्राहकांच्या नजरेंत भरली आहे. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत त्याच नांवाची नवी गाडी बाजारांत आल्यापासून जुनीचाहि भाव ताठला आहे. भोसरीस एक चांगली राखलेली सिएरा आम्हीं पाहिली. तिची किंमत ऐकून स्नेही कांहीं बोलले नाहींत. दाराच्या कडेवरून अंगठा फिरवीत बराच वेळ उभे राहिले, एवढेंच.

समुद्रकांठची गाडी म्हणून परदेशांत जी कल्पना रूढ झाली, तिचाहि येथें विचार केला पाहिजे. इटलींतील घिया या कारागीर कंपनीनें १९५८ पासून फियाटच्या लहानशा गाडीचीं दारें व छप्पर काढून टाकिलें, वेताच्या बैठकी बसविल्या, वर झालरीचें कापड ताणलें, आणि तिला जॉली असें नांव दिलें. श्रीमंतांनीं ती आपल्या नौकांबरोबर बाळगली. पण मूळ गाडी गरिबाची होती, आणि गंमत त्यांतच होती. ओल्या अंगानें बसावें, उठावें, कोणी कपाळास आठी घालूं नये, यासाठीं वेत! १९६८ सालीं फ्रान्सांत सित्रोएननें मेहारी काढली, तिचें अंग तर पत्र्याचें नव्हतेंच, प्लॅस्टिकचें होतें. आंतून पाण्याच्या नळीनें धुवावी व विसरून जावें. वहिनींनीं जें एका वाक्यांत मागितलें होतें, तेंच या दोन्ही कंपन्यांनीं विकलें. समुद्रावरची मौज गाडीच्या वेगांत नसून गाडीविषयींच्या बेफिकिरींत असते.

मात्र बेफिकिरी वापरतांना करावी, विकत घेतांना नव्हे. येथें खरा परीक्षक समुद्र आहे. खाऱ्या वाऱ्यांतील मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसतें, हवेंतली ओल धरून ठेवतें, आणि रंगाखालून गंज चढूं लागतो. दाराचा तळ, उंबऱ्याची पोकळी, चाकांवरच्या कमानी, गालिच्याखालची जमीन, ब्रेकच्या नळ्या, ही त्याचीं आवडतीं ठिकाणें. इंजिन दुरुस्त होतें, बदलतां येतें. कुजलेला सांगाडा दुरुस्त करण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक येतो. म्हणून ज्यास कोंकणांत गाडी ठेवावयाची आहे, त्यानें ती कोंकणांत घेऊं नये, असें आमचें ठाम मत आहे. पाटीवर एम. एच. १४ असलेली, म्हणजे पिंपरी-चिंचवडकडची गाडी वर्षाकाठीं सत्तर-पाऊणशें सेंटिमीटर पावसांत व कोरड्या हवेंत वाढलेली असण्याचा संभव अधिक, रायगडची एम. एच. ०६ किंवा रत्नागिरीची एम. एच. ०८ बहुधा तीनशें सेंटिमीटर पाऊस आणि बारमाही खारी हवा सोसून आलेली असते. अर्थात् पाटी म्हणजे जन्मपत्रिका; चरित्र निराळें असूं शकतें. चिखलींत आम्हीं एक उघडी जीप पाहिली, एम. एच. १४ चीच, रंग आरशासारखा. स्नेह्यांनीं खिशांतून लोहचुंबक काढून उंबऱ्याला लावला, तो चिकटेना. वरून पुट्टी, आंत पोकळ! जीप दहा वर्षें अलिबागेस होती, असें मग हळूच निष्पन्न झालें.

जीप हातची गेली याचें आम्हांस थोडें वाईट वाटलें. १९४७ सालीं महिंद्रांनीं ७५ जीपगाड्या सुट्या भागांत आणविल्या, तेव्हांपासून ही लढाईंतली गाडी आपल्याकडे मामलेदारांपासून चित्रपटांतल्या नायकांपर्यंत सर्वांची झाली. आणि समुद्राकांठीं तिच्याइतकी मोकळी बैठक दुसरी नाहीं. मुलाची सूचना चाकणच्या पोलोची होती. फोक्सवॅगनचा कारखाना तेथें २००९ सालीं सुरू झाला, पोलो त्याच वर्षाच्या अखेरीस बनूं लागली व २०२२ सालीं बंद झाली. गाडी उत्तमच, पण तिची किंमत अजून पुरती उतरलेली नाहीं, आणि जिच्यावर ओरखडा उठला तर झोंप जाईल, ती या कामाची नव्हे.

राहिली इंडिका. १९९८ च्या डिसेंबरांत ती बाजारांत आली. संपूर्ण हिंदी मोटार म्हणून तिचा गाजावाजा झाला, तो योग्यच होता. परंतु तिच्या पाठीमागें एक जुनाच व्यवहार आहे. नवा कारखाना उभारण्यास लागणारा पैसा टाटांस फार वाटला. तेव्हां ऑस्ट्रेलियांत निसान कंपनीचा बंद पडलेला कारखाना त्यांनीं अल्प किमतींत विकत घेतला, तो सुटा करून जहाजांनीं आणला, व पिंपरीस पुन्हां जोडला. एका खंडांत मोडींत निघालेलीं यंत्रें दुसऱ्या खंडांत पहिली मोटार घडवूं लागलीं! स्नेह्यांना हें तपशिलानें माहीत होतें. त्यांनीं तीं खोकीं उघडतांना पाहिलीं होतीं. पण सिएराच्या मोहांत त्यांना त्यांची आठवण झाली नव्हती.

चाकणच्या पुढें राजगुरुनगरास एका निवृत्त शिक्षकांकडे २००९ सालची डिझेल इंडिका मिळाली. चुंबक सगळीकडे चिकटला. गालिचा उचलून पाहिला, खालीं धूळ होती, ओल नव्हती. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती मुदत २०२४ सालीं संपून तपासणीनंतर पुढचीं पांच वर्षें नोंदणी वाढविलेली होती, आणि पर्यावरण-कराची पावती कागदांत लावलेली होती. हे कागद न पाहतां जुनी गाडी घेणाऱ्यानें लक्षांत ठेवावें कीं, नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली आहे, व वीस वर्षांवरील गाड्यांस त्याहूनहि अधिक पडते. गुरुजींनीं मागितलेली किंमत एका नव्या स्कूटरइतकी होती. स्नेह्यांनीं घासाघीस केली नाहीं. गुरुजींनींच आपण होऊन दोन हजार कमी केले व वर डब्यांत शेंगदाण्याचे लाडू दिले.

गाडी पौड, मुळशीवरून ताम्हिणी घाटानें खालीं गेली. आम्हीहि तींत होतों. मुळशीच्या तलावाशीं स्नेह्यांनीं ती थांबविली. टाटांच्या याच धरणाविरुद्ध १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, सेनापति बापट तुरुंगांत गेले, आणि अखेर गांवें पाण्याखालीं गेलीं. स्नेह्यांच्या आजोळचें घर त्यांत होतें, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. "आजी या पाण्याकडे कधीं बघत नसे," एवढेंच ते म्हणाले, व त्यांनीं टाटांचीच गाडी पुन्हां सुरू केली.

दिवाळीनंतर ते पुन्हां भेटले. गाडी ते पुळणीवर नेत नाहींत. मऊ वाळूंत रुतलेल्या आणि भरतींत बुडालेल्या मोटारींचीं छायाचित्रें दरवर्षीं वर्तमानपत्रांत येतात, तीं त्यांनीं पाहिलीं आहेत, शिवाय शेजारच्या वेळासप्रमाणें या किनाऱ्यावरहि कासवें अंडीं घालावयास येतात. दर मुक्कामाच्या शेवटीं विहिरीच्या गोड्या पाण्याच्या चार घागरी ते गाडीच्या पोटाखालीं मारतात, आणि परत निघतांना ती शेजाऱ्यांच्या खोपींत लावून एस.टी.नें घाट चढतात. मागच्या बैठकीवर वाळू आहे, टोपलीचा वास जात नाहीं, आणि वहिनी पाय न धुतां बसतात.